किलोमीटरला आठ रुपये

माझं काम धर्मकाट्यांचं.
उमरेडला कोळशाचे ट्रक चढतात तो काटा,
हिंगणघाटच्या जिनिंगमधला, सावनेरचा, बुटीबोरीतले सात.
ते खरं बोलतात का, एवढंच पाहायचं.
त्यासाठी सोबत वीस किलोची दहा वजनं,
बिडाची, शिक्का मारलेली,
मुठी घासून घासून चकचकीत.

कंपनी देते किलोमीटरला आठ रुपये.
चार वर्षांपूर्वीही आठच होते.
पेट्रोलला हे कुणी कळवलं नाही.

जुनी गाडी फेब्रुवारीत बसली, जाम चौरस्त्याच्या अलीकडे.
शकीलमिस्त्रीने बॉनेट उघडलं, बंद केलं,
हात पुसत म्हणाला,
"हिला आता पोसू नका भाऊ, लय खाऊन राहिली."

मग मी वहीत रेघा मारल्या.
डिझेल ओझं विनातक्रार ओढेल,
पण माझ्या पैशात जुनंच मिळतं,
आणि त्याचा एक पंप बिघडला की दिवाळी गेली.
पेट्रोल, तर शोरूमचा पोरगा म्हणे बावीस देते.
मी विचारलं, दोनशे किलो मागे टाकून?
मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत, एसी लावून?
त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.
बॅटरीवाली हिंगणघाटला जाऊन येईल,
वणीचं विचारू नये.
राहिली सीएनजी. सगळ्यांत स्वस्त,
फक्त डिकीत टाकी आधीच बसलेली,
ऐसपैस, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी,
आणि माझी दहा वजनं दारात उभी.

हप्ता, विमा, टायर, पीयूसी.
शेवटचा रकाना घसाऱ्याचा.
गाडी नुसती उभी असली तरी झिजते, असं धरतात.
माझी कंबर त्या रकान्यात बसत नाही.
पहाटे पावणेपाचला पंपावर लावायची रांगही नाही.

रात्री अल्का मेथी निवडता निवडता वही वाचत होती.
"टाकी डिकीत न? मंग वजनं मागच्या सीटवर बसवा."
सीट फाटेल, मी म्हणालो.
"मंग सीट काढून ठेवा बाप्पा!
काहून, कोणी मनाई करून राहिलं का?"

कामठी रोडवर मिळाली.
राखाडी, छप्पन हजार चाललेली,
निखाडे नावाच्या निवृत्त ग्रंथपालांची.
भाव मी अकरा हजारांनी पाडला.
तोवर त्यांची डायरी पाहिली नव्हती.
पुढच्या कप्प्यात होती, दर टाकीची नोंद,
तारीख, किलो, आकडा, टाक बुडवून लिहावं तसं अक्षर.
शेवटची ओळ: "चोवीस. रामटेक. सौ. सोबत."
परत द्यायला गेलो तर म्हणाले,
"पुढची पानं कोरी आहेत, वापरा."

उमरेडला काम संपल्यावर गाडी काट्यावर चढवली.
एक हजार दोनशे नव्वद.
मी उतरलो. एक हजार दोनशे वीस.
सत्तर भरलो मी,
घसारा वजा न जाता.

शनिवारी रात्री अंगणात चार बोल्ट, बारा मिनिटं.
वजनं जिन्याखाली जातात, सीट परत येते.
रविवारी तिथे ऋतिका आणि तिची आजी,
खिडकी खाली करून, लोखंडाचा वास येतो म्हणत,
अंबाझरीपर्यंत, मग फुटाळ्यावरून घरी.
ते किलोमीटरही लिहितो मी निखाड्यांच्या डायरीत.
आठ रुपयांपुढे काही येत नाही.

एक बोल्ट कुठेतरी पडलाय.
वळणावर सीट टकटकते.
शकील म्हणतो, तीस रुपयांचा तर आहे.
आणीन.